नवं मॅटिंग

"चौदाचा पाना दे," उस्ताद गाडीच्या आतूनच म्हणाले.

मुलाने पाना त्यांच्या हातावर ठेवला. पुढच्या सीटचा शेवटचा बोल्ट गंजून बसला होता. उस्तादांनी दात आवळून झटका दिला आणि बोल्ट कुरकुरत सुटला.

"सत्तरी आली, पण हात अजून शाबूत आहे बघ."

तीस वर्षं त्यांनी गाड्यांच्या सीटा शिवल्या होत्या. दुकान विकून आठ वर्षं झाली तरी बाजारात सगळे त्यांना अजून उस्तादच म्हणत. मुलाच्या गाडीचं काम बाहेर देणं त्यांना जिवावर आलं असतं.

महिन्यापूर्वी या गाडीत दुधाचा कॅन सांडला होता. कार्पेट धुतलं, वाळवलं, पावडर टाकली, तरी आंबूस वास हटेना. त्यात उस्तादांना दमा. गाडी कोपऱ्यापर्यंतही जायची नाही, तोवर त्यांना धाप लागायची आणि मुलगा गाडी मागे वळवायचा. आई दोन तासांवरच्या हॉस्पिटलात खुबा मोडून पडली होती. गुडघ्यांमुळे उस्तादांना बसमध्ये चढवत नव्हतं. "वास जाऊ दे, मग लगेच जाऊ," असं मुलगा दर रविवारी म्हणायचा. शेवटी उस्तादांनीच दुकानात फोन करून गाडीच्या मापाचं रबराचं मॅटिंग मागवलं.

दोघांनी कार्पेट ओढून बाहेर काढलं आणि अंगणात उलटं पसरलं. खालच्या फोमवर चारही कोपऱ्यांत पिवळे डाग होते.

"कॅन कुठे ठेवला होतास?"

"मागे. सीटखाली."

"आणि दूध पार क्लचपर्यंत आलं?"

"जोरात ब्रेक मारला होता, बाबा."

"दुधालाही गाडी चालवता येते म्हणायची!" उस्ताद हसले. मुलगाही हसला, जरा उशिराने.

त्यांनी गाडीचा पत्रा साबणाने घासून कोरडा केला. रबर मऊ पडावं म्हणून उन्हात पसरलं. मग त्यावर जुनं कार्पेट ठेवून मापं जुळवली. गिअरपाशी कंपनीचा काप दोन बोटं चुकला होता.

"तयार माल म्हणे! आंधळ्याने कापलंय," उस्ताद म्हणाले आणि त्यांनी हात वर केला. मुलाची मान आपसूक खांद्यात गेली. उस्तादांनी टपावरचा खडू उचलला आणि रबरावर रेघ मारली.

"नीट धर. हलवू नकोस."

सून चहा घेऊन आली. कप बॉनेटवर ठेवून ती लगेच दोन पावलं मागे सरली. उस्तादांनी घोट घेतला.

"फिका आहे."

तिने कप उचलला, आत गेली आणि साखर घालून परत आणला.

"तुझ्या आईला पायऱ्या कधी दिसल्याच नाहीत," कटर चालवता चालवता उस्ताद म्हणाले. "मनगट दोनदा. बरगडी एकदा. आता खुबा. दर वेळी उचलून कोणी नेली? मी. याच वेळी तुम्ही दोघांनी परस्पर नेलीत."

"तुम्ही झोपला होतात, बाबा."

"उठवायचं ना! आणि पाच आठवड्यांत एकदा फोनवर तरी बोलायचं तिने."

"औषधांची गुंगी असते तिला."

"बोल, म्हणावं, नवऱ्याशी. एवढी कसली गुंगी?"

मुलाने त्यांच्या हातून कटर घेऊन पातं बदलायला घेतलं. जुनं पातं चांगलंच धारदार होतं.

जेवायच्या वेळेपर्यंत मॅटिंग बसलं. उस्तादांनी कडा दाराच्या पट्ट्यांखाली दाबून घेतल्या, बोल्टांची भोकं पाडली, सीटा जागच्या जागी आवळल्या. कुठे सुरकुती नव्हती की फट नव्हती. त्यांनी तळव्याने सगळं रबर चाचपून पाहिलं. मग डोकं आत घालून दीर्घ श्वास घेतला. खोकला आला नाही.

"ये, तूही बघ. येतोय वास?"

मुलगा वाकला. "नाही."

"मग आता काय अडलं?"

"काही नाही, बाबा."

"आज तिला घेऊनच येऊ."

मुलाच्या हातातला पाना खाली पडला. "डॉक्टर सोडणार नाहीत."

"बायको कोणाची, डॉक्टरांची? घरी पडून राहील. मी आहे ना बघायला."

उस्तादांनी अंघोळ केली. इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला, केस नीट विंचरले. कपाटातून तिची शाल काढली, घडी घालून मांडीवर घेतली आणि पुढच्या सीटवर जाऊन बसले. नव्या रबरावर त्यांचे बूट चकचकत होते.

"चावी आण लवकर," त्यांनी हाक मारली.

मुलगा आतल्या खोलीत गेला. सून दाराला पाठ लावून उभी राहिली. त्याने थोरल्या बहिणीच्या घरी फोन लावला. पलीकडे पोरांचा गलका चालू होता.

"हॅलो," आईने फोन उचलला. तिचा आवाज अगदी खणखणीत होता. "थांब हं, जरा गच्चीत येते." पायऱ्या चढतानाची तिची पावलं फोनमधून ऐकू आली. "हं, बोल."

"आई, ते गाडीत जाऊन बसलेत. तुला न्यायचंच म्हणतात. आता काय सांगू?"

बाहेर हॉर्न वाजला. पुन्हा एकदा वाजला.

"सांग, मी गेले," ती म्हणाली. "आणि दहनही उरकलं."