चौथा व्रण

“मी त्याच्या अंगरख्याला हात घातला की रडायला लागायचं, मावशी,” वकील काल्विनस तिसऱ्यांदा सांगत होता. “आधी नाही.”

“निर्दोष पोरासाठी काय म्हणून रडू?” तुर्रानिया म्हणाली. “माझ्या डोक्याची शपथ घेतलीय त्यानं. आग लागली तेव्हा तो घरात झोपला होता.”

“मग पंचांसाठी रडा. बाकीचं मी बघतो.”

तिचा मुलगा नुमेरिअस शेजारी खाली मान घालून बसला होता. काळी मळकी वस्त्रं, वाढलेली दाढी. आरोपीने वस्तरा आणि आंघोळ सोडायची, ही रोमची रीतच. लढाईवरून परतल्यापासून रोज संध्याकाळी तुर्रानिया त्याच्या अंगाला तेल चोळायची. आगीच्या दुसऱ्याच दिवशी आरोप आला, आणि चाळीस दिवस तिच्या हाताला ते अंग लागलं नव्हतं.

न्यायसभा चौकातच भरली होती. समोरच्या बाकावर पाववाल्या सालोनिअसची विधवा दोन पोरांना घेऊन बसली होती. भिंतीच्या भांडणावरून नुमेरिअसने भट्टीघराला आग लावली आणि त्यात आपला नवरा गेला, असं तिचं म्हणणं. सिद्ध झालं तर नुमेरिअसला देश सोडावा लागणार होता.

फिर्यादीचं बोलणं संपलं होतं. भाषणाची वेळ मोजायच्या घटिकापात्रात पाणी भरलं गेलं आणि काल्विनस उठला.

“सालोनिअस दारू पिऊन भट्टीपाशीच लवंडायचा, हे मी बोलणार नाही,” तो हळूच म्हणाला. “गेलेल्या माणसाबद्दल कशाला बोला?” आणि हे न बोलणं तो निम्मं पाणी गळेपर्यंत बोलत राहिला. लोक हसले. विधवेने धाकट्याचं डोकं पदराखाली घेतलं.

मग त्याने नुमेरिअसच्या अंगरख्याला हात घातला. नुमेरिअसने गळ्याशी कापड घट्ट धरलं.

“बघा, लाजतोय! खरा शिपाई!” काल्विनसने हिसका दिला. कापड टरकन फाटलं.

तुर्रानियाला रडू आलं नाही. वकिलाने डोळे वटारले, पण ती मुलाची छाती बघत होती.

“हा आफ्रिकेतला भाला!” हो, हा खांद्यापाशी. “ही डोंगरातली तलवार! हा बाण!” तेल लावताना तिन्ही तिच्या बोटांखालून रोज जायचे. तिने मनात मोजले.

“आणि हा चौथा, पंचहो!” काल्विनसचा आवाज चढत चढत शिगेला पोचला. “हा कुठे झाला, हे या वीराने स्वतःच्या आईलासुद्धा सांगितलं नाही!”

चौथा बरगडीवर होता. तांबूस, चकचकीत, आक्रसलेली कोवळी कातडी. तुर्रानियाचा जन्म चुलीपुढे गेला होता. भाजल्याची खूण तिला कुणी सांगायला नको होती.

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. आवाज नाही, हुंदका नाही. पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या पंचाने डोळे पुसले. त्याच्या शेजाऱ्यानेही पुसले. पंचांच्या मतांच्या मेणाच्या पाट्या भराभर पेटीत पडल्या. नुमेरिअस सुटला.

“जरा उशीर केलात, मावशी,” काल्विनस घाम पुसत तिच्या कानाशी लागला, “पण काय रडलात! तुम्हीच जिंकलात खटला.”

नुमेरिअस फाटका अंगरखा सावरत आला. “चल आई, घरी. आंघोळ करतो. तेल लावून देशील ना?”

तुर्रानिया उठली. चौक ओलांडून गेली, आणि सालोनिअसच्या विधवेशेजारी बाकावर बसली.