एका दमात

"डावीकडे, डेलबर्ट, डावीकडे!" ट्रेलरमागे उभी राहून वर्ना हातवारे करत ओरडली. सुट्टीत राहायचा तो जुना ट्रेलर पाइनच्या दोन झाडांमध्ये मागे घ्यायची डेलबर्टची दर उन्हाळ्यातली कसरत बघायला तळ्याकाठचे तंबूवाले खुर्च्या मांडून बसले होते.

"डावी कुणाची? तुझी की माझी?"

"आपल्या दोघांची!"

ट्रेलर पुन्हा झाडाला टेकला. टाळ्या पडल्या.

शेजारच्या तंबूतली तरुणी धावत आली. "आजी, आजोबा सरळ आत येत होते. तुम्हीच झाडावर घालायला लावलंत!"

"हळू बोल गं," वर्ना कुजबुजली. "ज्या दिवशी एका दमात आत घालीन, त्या दिवशी हा ट्रेलर विकून मोठा घेईन, म्हणतोय डेलबर्ट. माझी चारही पोरं याच्यात रांगलीत."

आणि तिने पुन्हा हात वर केला. "आता उजवीकडे, राजा!"