कडीचा आवाज

नदीच्या सफरीत तिची बोट अभयारण्यापाशी थांबली. रखवालदाराने पक्ष्यांच्या जाळीच्या दाराची कडी काढली, तोच हाक आली, "ठमे, आलीस का गं?"

ती चक्रावून मागे वळली. बोटीवरची सगळी माणसं अनोळखी! तिला ठमी म्हणायची ती फक्त आई. आणि तिने पळून जाऊन लग्न केल्यापासून आईने मरेपर्यंत तिचं नावसुद्धा काढलं नाही, असं भावाने सांगितलं होतं.

"पोपट बोलला, ताई," रखवालदार हसला. "त्याची म्हातारी गेली, तेव्हा मुलाने इथे आणून सोडला."

"पण हे त्याला शिकवलं कुणी?"

"मुद्दाम कोण शिकवतंय? त्या घरात दाराची कडी वाजली की रोज जे कानावर पडायचं, तेच बोलतो."