बोलता येईल एवढा वेग

“हळू! चालताना बोलता आलं पाहिजे. बोलणं बंद म्हणजे वेग जास्त!” सिस्टर पुन्हा ओरडल्या. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या बायकांच्या त्यांनी शाळेच्या मैदानावर जोड्या लावल्या होत्या. एका जोडीतल्या वच्छलाबाई आणि त्यांची धाकटी जाऊ नऊ वर्षं एकमेकींशी बोलत नाहीत, हे नव्या सिस्टरना कुठलं ठाऊक!

वच्छलाबाई मुकाट्यानं हळू, आणखी हळू चालल्या. मागच्या जोड्या हसत पुढे गेल्या, तेव्हा त्या धाकटीवर खेकसल्या, “बोल की गं काहीतरी!”

धाकटीनं समोर बघतच विचारलं, “अक्का, गुडघा अजून ठणकतो ना? पायरी उतरताना भिंत धरता.”

“तुला कुणी सांगितलं?”

“रोज बघते की खिडकीतून.”

वच्छलाबाई जागीच थांबल्या. मग दोघी उभ्या उभ्याच इतकं बोलू लागल्या, की दम पुरेना.

“अहो, गप्पा कसल्या मारताय?” सिस्टर पलीकडून ओरडल्या. “चाला!”