लॅमारची सुटका

शेरीफचा हवालदार हॉलिस दवाखान्यात बेडी काढायला आला, तेव्हा ओझेला लेकाच्या टाचांना व्हॅसलीन चोळत होती. चर्च असो नाहीतर दवाखाना, आपल्या घरातलं पोर पांढरट, कोरड्या पायांनी चारचौघांत दिसायचं नाही, हा तिचा कायदा. लॅमारला त्याचं काही नव्हतं. तो शुद्धीवर नव्हता. त्याचा श्वाससुद्धा मशीन घेत होतं. आणि अशा माणसाचा डावा पाय पलंगाच्या दांडीला साखळीने बांधून ठेवला होता. का, तर म्हणे पळून जाईल.

"मिस ओझेला, चांगली बातमी आहे," हॉलिस टोपी काढून म्हणाला. लहानपणी तो शाळेच्या खानावळीत तिच्याच हातचं जेवलेला, म्हणून अजून 'मिस' लावून अदबीने बोलायचा. जज्जसाहेबांनी जामिनाची अट काढून टाकली होती. लॅमार आता पैसे न भरता नुसत्या शब्दावर सुटणार होता.

याच हुकुमासाठी ओझेलाने कोर्टाचे उंबरठे झिजवले होते. गाडी चालवताना झालेला जुना दंड भरला नाही म्हणून पोराला आत टाकलं आणि जामिनाचा आकडा असा लावला की घर विकूनही पुरला नसता. त्याचं मधुमेहाचं इन्सुलिन घेऊन ती तुरुंगाच्या खिडकीशी गेली, तर काचेआडच्या मुलीने बाटली परत सरकवली. बाहेरचं औषध चालत नाही, तुरुंगातलं औषधपाणी आता एका खासगी कंपनीकडे दिलंय, कंपनी बघेल. कंपनीने बघितलं की. पोरगा ओकत होता, पाणी पाणी करत होता आणि कंपनीची नर्स दारातूनच म्हणाली, नशा उतरतेय त्याची, नाटकं आहेत. फरशीवर निपचित पडलेला सापडला, तेव्हा कुठे नाटक संपलं.

हॉलिसने किल्ली फिरवली. बेडी निघाली. ओझेलाने लेकाचा पाय दोन्ही हातांत धरला आणि तिला रडू फुटलं. सकाळीच डॉक्टरांनी सांगितलं होतं की मेंदू गेलाय, आता वाट बघण्यात अर्थ नाही. तरी तिला बरं वाटलं, खरंच बरं वाटलं. "प्रभू, तुझे उपकार," ती पुटपुटली. मरेल तर मोकळा मरेल, कुणाचा कैदी म्हणून नाही.

हॉलिसने कागद आणि पेन पुढे केलं. लॅमारला सही करता येत नव्हती, म्हणून आईने करायची. तेवढी झाली की सुटला.

खिडकीशी ओझेलाची धाकटी बहीण बर्डीन बसली होती. तिची जीभ आधीपासूनच तिखट. जज्जसाहेबांना एकाएकी ही दया कशी काय सुचली, असं तिने हॉलिसला विचारलं. हॉलिस साधा माणूस, बोलून गेला. डॉक्टरांचं म्हणणं सकाळी कंपनीला कळलं, कंपनीच्या बाईंनी शेरीफसाहेबांना फोन केला, साहेब स्वतः जज्जकडे गेले. एवढं बोलल्यावर आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच कळलं आणि तो टोपीची कड चाचपत बसला.

"बघ ताई, औषध द्यायला यांना सवड नव्हती," बर्डीन म्हणाली. "पोराला सोडायला बरी झाली."

मग तिने चर्चमधल्या मिसेस ओडमची आठवण करून दिली. तिच्या नवऱ्यालाही याच तुरुंगातून असंच मरायच्या आदल्या दिवशी सोडलं होतं. तिने कंपनीवर दावा लावला, तर कंपनीचा वकील कोर्टात उभा राहून हसत म्हणाला, हा माणूस आमच्याकडे मेलाच नाही. बाईचं पुढं कुणी ऐकून घेतलं नाही.

ओझेलाने डोळे पुसले. पेन तिच्या हातातच होतं.

"हॉलिस बाळा, मी सही केली आणि उद्या हा गेला, तर तुमच्या लेखी तो कुठे गेला?"

हॉलिसने बर्डीनकडे बघितलं, मग जमिनीकडे. "घरच्यांच्या ताब्यात, मिस ओझेला."

"आणि नाही केली तर?"

"तर तो अजून आमचाच."

ओझेलाने लेकाकडे बघितलं. त्याचा मोकळा पाय चादरीबाहेर होता, बेडीने वळ उमटलेला. तो पाय तसाच मोकळा राहावा म्हणून तिचा जीव तुटत होता. करून टाकावी सही, न्यावं लेकरू घरी, आपल्या पलंगावर झोपवावं, जे व्हायचं ते तिथं होऊ दे. तिने पेन खाली ठेवलं.

"मी सही करत नाही. म्हणजे हा तुमचा कैदी. मग याला मोकळा कसा ठेवलास? घाल ती बेडी परत."

हॉलिस म्हणाला, साहेब दुसऱ्या कुणाला तरी पाठवतील. येऊ दे, ती म्हणाली, त्यालाही हेच सांगीन. मग हॉलिसने हळूच विनवून बघितलं, हे माझ्याकडून नका करून घेऊ. तिला त्याची दयाही आली. पण ती बाजूला सरकली नाही. तिने लेकाची टाच आपल्या तळहातावर उचलून धरली आणि पाय त्याच्यापुढे केला.

हॉलिसने कडं चढवलं.

"जरा सैल ठेव रे," ती म्हणाली. "सूज आहे त्याला."