वाढदिवसाचा बॅनर

लवू मोंडकर काल संध्याकाळी वारले. आज सकाळी ते तारकर्लीतल्या आपल्या घरापुढच्या खळ्यात बसून, सुका बांगडा तोंडी लावून पेज जेवत होते. तेव्हा पहिलं वाक्य कोणी वाचलं असल्यास ते वाचलं नाही असं समजावं.

दीपेशला मात्र तशी सोय नव्हती. वाक्य त्याचंच होतं. 'खबर तारकर्ली' हे पान तो मोबाइलवर एकटा चालवायचा. समुद्राचा आवाज रात्री बंद केला नाही म्हणून लॉजला एकच तारा देणारा पर्यटक, मालिकेत बांगडा काटेचमच्याने खाणारी मालवणी सून, अशा बातम्या, आणि बाकी सगळे बॅनर. वाढदिवसाचे आणि दुसरे. दुसरे तो आधीच करून ठेवी, कारण माणूस गेल्यावर घरच्यांना धीर नसतो. लवूतात्या गेल्या पावसात हॉस्पिटलात होते तेव्हा त्यांचाही करून ठेवला होता. फोटो तोच, पांढऱ्या टोपीतला. काल तात्यांचा वाढदिवस. त्यांच्या मुलाने, अजयने, मुंबईहून दरवर्षीप्रमाणे बॅनर टाकायला सांगितलं आणि दीपेशचं बोट शेजारच्या चित्रावर पडलं. मग फोन गाडीच्या डिकीत टाकून तो शिरोड्याला मित्राच्या हळदीत नाचत राहिला. डिकी उघडली ती आज सकाळी, आणि तसाच तो तात्यांकडे धावला.

"तात्यानू, आताच काढतंय. खाली माफी लिवतंय."

"काढू नको." तात्या डाव्या हाताने मोबाइल लांब धरून लोकांचे शोकसंदेश वाचत होते. "हो बघ. कधी नाटकाक येवक नाय, तो लिवता, कोकणचो हिरो गेलो. अरे, दशावतारात जल्मभर राक्षस केलंय मी. उजाडताना रोज भीमाच्या हातसून मेलंय. एक माणूस रडाक नाय. उठान चाय पिऊक गेले."

मघाशी शेजारचा सुदेश हार घेऊन आला होता. तात्यांनी त्याला बसायला सांगितलं. तो बसला नाही. हार आता तुळशीला होता.

दीपेश तात्यांच्या बायकोकडे, जानकीकाकींकडे वळला. "काकीनू, अजयचो फोन इल्लो काय?"

"इल्लो."

"मगे सांगलात नाय, तात्या बरे आसत म्हणान?"

"तो 'आये' म्हणालो आणि रडाक लागलो," काकी म्हणाल्या. "इतक्या वर्षांनी झील रडता म्हटल्यार माकाय रडू इला. तेका समजाचा ता समजलो. निघालंय म्हणान ठेवल्यान."

"मागसून लावूचो होतो."

"ह्येंनी लावूक दिल्यानी नाय."

तात्यांनी बांगड्याचा काटा ताटाच्या कडेला ठेवला. "किती चतुर्थ्यो गेल्यो, येवक नाय. सुट्टी गावना नाय. बॅनर येता."

दीपेशने मान खाली घातली. ते सगळे बॅनर त्यानेच केले होते. गेल्या वर्षीचा तर मोदक फिरणारा होता.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. अजय. तात्यांनी हाताने खूण केली, आवाज मोठा कर.

"दीपेश, तळेऱ्याक पोचलंय. बाबांका खंय नेव नकात. माका तोंड बघूचा आसा."

"अजय, आयक..."

तात्यांनी बोट वर केलं. राक्षस म्हणून प्रवेश करताना ते अख्खी जत्रा गप्प करायचे, तसं.

"काय रे?" अजयने विचारलं.

"सावकाश ये," दीपेश म्हणाला.

"साहेबान दहा दिस दिल्यान. बाबा हॉस्पिटलात होते तेव्हा दोन दिस मागलंय, तर म्हणालो, आधी काय ता नक्की होऊंदे." पुढे नुसता गाडीचा आवाज आला आणि फोन बंद झाला.

कालची चूक बोटाने झाली होती. आताचं 'सावकाश ये' तोंडाने झालं होतं आणि ते पुसून टाकायला कुठे बटण नव्हतं.

जानकीकाकी मासे बघायला पिशवी घेऊन निघाल्या, आणि कुंपणाच्या बेड्याशी थांबल्या. "आज शिवराक करूचा लागात काय ओ, बिनमाशाचा?"

"माझ्या सुतकात मी सांगतंय तसा कर," तात्या म्हणाले. "तेका तळलेली इसवण आवडता."

काकी गेल्या. दीपेशला राहवेना. "तात्यानू, तुमका बघून तो खूश होतलो. पण साहेबाक समजला तर उद्याच माघारी बोलयतलो तेका. आणि समजतलाच. चार हजार लोकांनी पुढे पाठवल्यानी आसा."

तात्यांनी हात धुतला, पंच्याला पुसला. पेज अर्धी तशीच राहिली होती.

"लिव."

"माफी?"

"माफी तुझी तू लिव मगे. अर्ज लिव. तेच्या साहेबाक. कचेरीतल्यासारख्या मराठीत."

दीपेशने मोबाइल उघडला. तात्या ताठ बसले. चाळीस वर्षं माइकशिवाय चाललेला आवाज आज समोरच्या माणसापर्यंत जेमतेम येत होता.

"मा. व्यवस्थापक साहेब यांस. विषय: निधन रद्द झाले असता रजा कायम ठेवणेबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून अर्ज करतो की, माझे काल जाहीर झालेले निधन तांत्रिक कारणास्तव होऊ शकले नाही. तरी माझा मुलगा अजय यास त्याकरिता मंजूर केलेली रजा कृपया मागे घेऊ नये. पुढे माझे प्रत्यक्ष निधन होईल, तेव्हा त्यास पुन्हा रजा देऊ नये व ही रजा त्यात वळती करून घ्यावी, ही नम्र विनंती."