बाईंच्या नावावर

"बाई, हे तर आधीपासूनच हाय," स्वप्नील म्हणाला.

नम्रताबाई त्याच्या खुर्चीमागे उभ्या होत्या. भिवपुरीजवळच्या त्या शाळेत जूनमध्ये सहा वापरलेले कॉम्प्युटर आले आणि त्यांची जबाबदारी बाईंकडे आली. मुलांनी पत्रं लिहायची, तक्ते करायचे, तर त्यासाठी लागणारं ऑफिसचं सॉफ्टवेअर मुलांना काही सापडत नव्हतं. शेवटी आज, फेब्रुवारीत, मुख्याध्यापकांनी कर्जतहून दुरुस्तीवाल्या स्वप्नीलला बोलावलं होतं.

"जूनमधेच टाकलंय, सहाच्या सहा मशीनवर," त्याने आवाज खाली घेतला. "पण टाकताना 'फक्त माझ्यासाठी' असं निवडलंय. म्हणून ते तुमच्या लॉगिनला दिसतं, पोरांच्या नाय. मशीनमागं दहा मिनिटांचं काम होतं, बाई."

"मला कळलं नाही ते," बाई म्हणाल्या.

जूनमध्ये स्वतः सॉफ्टवेअर टाकताना खरंच कळलं नव्हतं. कळलं ते दिवाळीनंतर, आपल्या लॉगिनवर त्याच सॉफ्टवेअरमध्ये गुणपत्रकं भरता भरता. पण तोवर मशीन जुनी आहेत, त्यांना ते पेलत नाही, असं त्यांनी मुख्याध्यापकांना तीनदा सांगून झालं होतं. आता चूक माझीच होती हे कोणत्या तोंडाने सांगायचं? उद्या सांगू, परवा सांगू करता करता डिसेंबर उजाडला, आणि तालुक्याच्या टायपिंग स्पर्धेला शाळेतून एकही मूल गेलं नाही. शिवाय कॉम्प्युटरची खोली रिकामी असली की वरून मागवलेली ऑनलाइन माहिती निवांत भरता येत होती. हे तर त्यांनी स्वतःशीही कधी कबूल केलं नव्हतं.

स्वप्नीलने पासवर्ड मागितला. बाईंनी वाकून टाकला, दोनदा चुकला. मग त्याने एकेका मशीनवर जुनं काढून 'सर्वांसाठी' निवडलं आणि नव्याने टाकलं. तासाभरात काम उरकलं.

मुख्याध्यापक भोईर सर दारात येऊन उभे राहिले. "काय रे, सापडला का दोष?"

स्वप्नीलने बाईंकडे पाहिलं. बाईंनी खिडकीबाहेर.

"मशीन जरा जुनी हायत, सर," तो म्हणाला.

"तरी आमच्या बाईंनी पाठ सोडली नाही हं," सर कौतुकाने म्हणाले. "तीन-तीनदा येऊन सांगून गेल्या."

बाईंच्या कानशिलांवर गरम वाफ आल्यासारखी झाली.

सरांनी सातवीच्या मुलांना हाक मारली. सगळ्यांच्या पुढे समिधा होती. बाईंनीच पुठ्ठ्यावर कीबोर्ड आखून दिला होता, आणि पोरीने तो सात महिने घोटला होता. ती बसली, बोटं जागच्या जागी ठेवली आणि खाली न बघता भराभर चालवायला लागली.

पडदा कोराच राहिला.

"बाई, अक्षरंच येत नाय."

बाई खाली वाकल्या. पोरीची बोटं बिनचूक पडत होती, पण नुसती टेकत होती. पुठ्ठ्यावर टेकतात तशी.

"दाबावं लागतं गं," बाई म्हणाल्या.

"हां, दाबायचं असतंय होय." समिधा ओशाळून हसली. "माझंच चुकलं, बाई. पुठ्ठ्यावर दाबायला लागत नाय ना."

बाई सरळ झाल्या.

"सर, मशीनला काही झालेलं नव्हतं. सॉफ्टवेअर टाकताना मीच चुकले. आणि दिवाळीपासून मला ते ठाऊक होतं."

पिशवीची चेन लावता लावता स्वप्नीलचा हात थांबला. भोईर सरांनी एकदा बाईंकडे पाहिलं, एकदा मुलांकडे. मग जवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाले, "बाई, आपण ऑफिसात बोलू. पोरांसमोर नको."

"वर्ष पोरांचं गेलंय, सर. त्यांच्यासमोरच बोलायला हवं."

सहाही कॉम्प्युटरवर आता खडखड सुरू झाली होती. एकेका खुर्चीत दोघं दोघं कोंबून बसली होती.

"सगळ्यांनी जरा इकडे बघा," बाई म्हणाल्या. आवाज त्यांना हवा होता त्यापेक्षा मोठा निघाला.

खडखड थांबली. आपल्याच हातून काहीतरी बिघडलं असं वाटून मुलांनी कीबोर्डवरचे हात काढले आणि मांडीत लपवले.